साडेचौतीस रत्तलांचा घोडा

१८७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला शंभर वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने, फिलाडेल्फिया शहरी जे महाप्रदर्शन भरले, त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी, म्हणजे १० मे रोजी, राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट आणि त्यांचे पाहुणे, ब्राझीलचे बादशहा दुसरे पेद्रो, हे दोघे यंत्रशाळेच्या मध्यभागी उभ्या असलेल्या एका प्रचंड वाफेच्या एंजिनापाशी गेले. दोघांनी एकेक मूठ फिरविली, चाळीस फुटांहून उंच असलेल्या त्या यंत्राच्या दोन तुळया सावकाश हलू लागल्या, तीस फूट व्यासाचे प्रचक्र फिरू लागले, आणि त्या विस्तीर्ण दालनात मांडलेली माग, छापखाने, करवती, पंप अशी नाना तऱ्हेची यंत्रे एकदम जिवंत झाली. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स गावच्या जॉर्ज हेन्री कॉर्लिस यांनी बांधलेल्या या एंजिनाची शक्ती १,४०० अश्वशक्ती असल्याचे सांगितले जाई, आणि पुढील सहा महिन्यांत त्या प्रदर्शनाकडे लोटलेल्या सुमारे एक कोट लोकांपैकी बहुतेकांनी घरी जाऊन वर्णन केले असेल ते याच यंत्राचे.

परंतु त्या एंजिनाला लागणारी वाफ ज्या वीस बॉयलरांतून येत होती, ते बॉयलर दालनाबाहेर, वेगळ्या इमारतीत होते, आणि तिकडे फिरकणारे प्रेक्षक थोडे. एंजिनाची हालचाल डोळ्यांना दिसते. बॉयलर मात्र एका जागी तापत बसलेला असतो आणि त्याचे सारे कर्तृत्व पोलादी पत्र्याच्या आत दडलेले असते. याच प्रदर्शनात निरनिराळ्या कारखानदारांनी आपापले बॉयलर मांडले होते, त्यांतील चौदा बॉयलरांची परीक्षक मंडळाने रीतसर तपासणी केली, आणि त्या तपासणीतून जे एक मोजमाप जन्मास आले, ते कॉर्लिसचे यंत्र मोडीत निघाल्यानंतरही कित्येक पिढ्या व्यवहारात टिकून राहिले. उष्णतेच्या लहानशा एककांना, म्हणजे तासाला इतक्या कॅलरी किंवा इतके ब्रिटिश थर्मल युनिट अशा हिशेबाला, बॉयलरच्या अश्वशक्तीशी जोडणारा जो आकडा आज अभियांत्रिकीच्या कोष्टकांत मुकाट्याने छापलेला असतो, त्याची जन्मकथा ही अशी एका जत्रेतली आहे.

अडचण काय होती, ती आधी नीट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे विहिरीचे मोठेपण सांगताना ती दोन मोटांची किंवा चार मोटांची आहे असे म्हणण्याची वहिवाट आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावातील विहीर तर बारामोटेची म्हणूनच प्रसिद्ध आहे. विहीर स्वतः पाणी ओढीत नाही, ओढतात ते बैल. तरीही किती मोटा चालतील यावरून आपण विहिरीची योग्यता ठरवितो, आणि जोवर गावातल्या मोटा व बैल सारखे आहेत, तोवर या बोलीत कोणाचे नुकसान होत नाही. बॉयलर ही वाफेची विहीर आहे आणि एंजिन ही तिच्यावरची मोट. शंभर अश्वशक्तीचे एंजिन चालवू शकेल तो शंभर अश्वशक्तीचा बॉयलर, अशीच भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ झाली होती. पण एंजिने सारखी राहिली नाहीत. एकाच बॉयलरवर जुने, वाफ उधळणारे एंजिन लावले तर तो पन्नास घोड्यांचा ठरे, आणि नवे, काटकसरी एंजिन लावले तर शंभराचा. मग विक्रेत्याने करारात लिहून दिलेले शंभर घोडे खरीददारास मिळाले की नाही, याचा निवाडा कोणी आणि कशाच्या आधारे करावा? ज्याचे मापच दुसऱ्याच्या अंगावर अवलंबून, त्याचा करार म्हणजे तंट्याचे बीज होय.

घोड्याचे हे माप मुळात जेम्स वॉट यांचे. कॉर्नवॉलच्या खाणींत त्यांची एंजिने न्यूकोमेनच्या जुन्या एंजिनांच्या जागी बसविली जात, तेव्हा बोल्टन आणि वॉट यांच्या पेढीला वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तृतीयांश मोबदला मिळत असे. पण जेथे पूर्वी कोळसा जळतच नव्हता, जेथे चक्की घोडेच फिरवीत होते, तेथे वाचलेल्या कोळशाचा हिशेब कसा मांडावयाचा? म्हणून वॉट यांनी घोड्यालाच मापास धरले. बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात, तासाला १४४ फेरे घालणारा आणि १८० रत्तलांच्या जोराने ओढणारा चक्कीचा घोडा त्यांनी गृहीत धरला. त्याचे काम मिनिटाला ३२,५०० फूट-रत्तलांहून थोडे अधिक भरते, आणि १७८३ च्या सुमारास त्यांनी ते पूर्णांकात आणून ३३,००० असे मुकरर केले. पुढे या घोड्यावरच वार्षिक आकारणी होऊ लागली, लंडनमध्ये दर अश्वशक्तीला सहा पौंड आणि लंडनबाहेर पाच. एंजिनाची शक्ती अशी ठरल्यावर बॉयलरसाठी ठोकताळा असा पडला की एका घोड्यासाठी तासाला एक घनफूट, म्हणजे सुमारे ६२ रत्तल, पाण्याची वाफ पुरे. वॉटच्या काळात तो खरा होता. शंभर वर्षांनंतर, जेव्हा चांगल्या एंजिनाला त्याच्या निम्म्याहून कमी वाफ पुरू लागली, तेव्हा तो केवळ जुन्या दप्तरातला दाखला उरला.

उष्णतेचे माप याच सुमारास दुसऱ्या वाटेने तयार होत होते. ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हे दाखविले होते की उकळत्या पाण्याची वाफ होताना त्याचे तपमान तसूभरही वाढत नाही, तरी पुष्कळ उष्णता त्यात शोषली जाते. या लपलेल्या उष्णतेलाच आपण सुप्त उष्णता म्हणतो, आणि ब्लॅक यांच्या सहवासात वावरलेल्या वॉट यांना तिचे महत्त्व लवकर उमगले. पॅरिसमध्ये १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फ किती वितळले यावरून उष्णता मोजणारे उपकरण सिद्ध केले. पुढे त्याच शहरात, कला व हुन्नर यांच्या राष्ट्रीय संस्थेत, निकोला क्लेमाँ हे औद्योगिक रसायनशास्त्रावर व्याख्याने देत असता, एक किलोग्रॅम पाण्याचे तपमान एक अंश सेल्सिअसने वाढविणाऱ्या उष्णतेला त्यांनी कॅलरी हे नाव दिले, आणि १८२४ साली ते छापील स्वरूपात आले. आहारशास्त्रामुळे आज हा शब्द घराघरांत पोहोचला असला, तरी तो प्रथम बोलला गेला तो वाफेच्या एंजिनाची मीमांसा करताना, ही गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. क्लेमाँ यांच्या श्रोत्यांत सादी कार्नो हा तरुण अधिकारीही होता, आणि उष्णतेपासून किती काम निघू शकेल याची मूलभूत मर्यादा सांगणारा त्याचा लहानसा ग्रंथ त्याच १८२४ साली प्रसिद्ध झाला. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेच्या सोयीसाठी किलोग्रॅमऐवजी ग्रॅम घेतला, आणि अशा रीतीने थोरली व धाकटी अशा दोन कॅलरी एकाच नावाने नांदू लागल्या. हजारपटीची तफावत केवळ संदर्भावरून ओळखण्याची पाळी वाचकांवर आली, आणि ती अजून टळलेली नाही. इंग्रज अभियंत्यांनी आपल्या रत्तलाला आणि फॅरनहाइटच्या अंशाला धरून ब्रिटिश थर्मल युनिट वापरले, जे धाकट्या कॅलरीत २५२ भरते.

घोडा आणि कॅलरी या दोन वाटा एकत्र आणल्या त्या सॅल्फर्ड गावच्या एका मद्यभट्टीवाल्याच्या मुलाने. जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी १८४३ पासून सतत प्रयोग करून १८५० साली असे मांडले की एक रत्तल पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढीच ७७२ फूट-रत्तल काम केल्याने निर्माण होते. पुढील अधिक सूक्ष्म मोजणीत हा आकडा ७७८ वर स्थिरावला. म्हणजे वॉटचा घोडा तासभर राबला, तर त्याच्या कामाची उष्णतेतील किंमत २,५४५ ब्रिटिश थर्मल युनिट, किंवा साधारण ६४१ किलोकॅलरी. शास्त्रशुद्ध रूपांतर येथेच संपावयास हवे होते. जो घोडा एंजिनाचा तोच बॉयलरचा, असे कोणालाही वाटेल. परंतु फिलाडेल्फियाच्या परीक्षकांपुढे प्रश्न शास्त्राचा नव्हता, बाजाराचा होता.

ते परीक्षण मोठ्या कसोशीचे होते. प्रत्येक बॉयलरची दोन वेळा चाचणी घ्यावयाची, एकदा कोळशाची काटकसर पाहण्यासाठी आणि एकदा जास्तीत जास्त वाफ किती निघते ते पाहण्यासाठी. भट्टीत टाकलेला कोळसा तोलावयाचा, आत सोडलेले पाणी तोलावयाचे, मागे उरलेली राख तोलावयाची. त्यातही एक फसवणूक संभवते. खळखळून उकळणाऱ्या बॉयलरमधून वाफेबरोबर पाण्याचे तुषारही निसटतात, आणि ते न उकळलेले पाणीदेखील वाफ म्हणून हिशेबात जमा होते. म्हणून वाफ किती कोरडी आहे हे उष्णतामापकाने तपासण्याची तजवीज केली होती. विहिरीतून निघालेल्या पाण्यात गाळ किती, हे मोजून तो वजा करण्यासारखेच हे काम. इतके करूनही आकड्यांची तुलना होईना, कारण एका बॉयलरला थंड पाणी दिलेले, तर दुसऱ्याला कोमट. एकाचा दाब कमी, तर दुसऱ्याचा अधिक. सर्वांना एका रांगेत आणण्यासाठी काही एक प्रमाण मानणे भाग होते.

परीक्षकांनी त्या वेळच्या अमेरिकेतील चांगल्यापैकी एंजिनांची सरासरी भूक डोळ्यांपुढे ठेवली. असे एंजिन एका अश्वशक्तीसाठी तासाला साधारण तीस रत्तल वाफ खात असे. तेव्हा, १०० अंश फॅरनहाइट तपमानाचे पाणी घेऊन, दर चौरस इंचाला ७० रत्तल दाबाची वाफ, तासाला ३० रत्तल इतकी जो देईल, त्याची ती एक अश्वशक्ती समजावी, असे त्यांनी ठरविले. या निर्णयातील व्यवहारचातुर्य वाखाणण्याजोगे आहे. विहिरीचे माप मोटेवरून घ्यावयाचे असेल, तर एक मोट प्रमाण म्हणून निश्चित करा, तिचे चामडे आणि बैल ठरवून टाका, म्हणजे तंटा मिटला. आणि तो खरोखरच मिटला.

१८८० साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, आणि तिने बॉयलरच्या चाचण्यांची प्रमाण पद्धत ठरविण्यासाठी एक समिती नेमली, जिच्यात विल्यम केंट, संस्थेचे पहिले अध्यक्ष रॉबर्ट थर्स्टन, चार्ल्स पोर्टर, जॉन होडली आणि फिलाडेल्फियाच्या परीक्षणात भाग घेतलेले चार्ल्स एमरी ही मंडळी होती. १८८४-८५ मध्ये या समितीने फिलाडेल्फियाचेच माप कायम केले. मात्र दाब आणि कोमट पाणी यांचे लचांड दूर करण्यासाठी त्याचा एक सुबक पर्याय दिला. पाणी आधीच २१२ अंशांवर, म्हणजे उकळीला आलेले आहे, आणि त्याची त्याच तपमानाची वाफ होते आहे, असे समजा. तर तीस रत्तलांच्या जागी साडेचौतीस रत्तल पाणी तेवढ्याच उष्णतेत वाफ होऊन जाईल. तापविण्याचा भाग वगळला आणि निव्वळ सुप्त उष्णता तेवढी उरली. ब्लॅक यांच्या शोधाला याहून सरळ असे कारखान्यातले रूप क्वचितच मिळाले असेल.

आता रूपांतर आपोआप हाती येते. एक रत्तल उकळत्या पाण्याची वाफ करण्यास ९७०.३ ब्रिटिश थर्मल युनिट लागतात, त्यास ३४.५ ने गुणले की तासाला ३३,४७५ येतात. मेट्रिक हिशेबात साडेचौतीस रत्तल म्हणजे १५.६५ किलोग्रॅम, आणि वाफेची सुप्त उष्णता किलोग्रॅमला ५३९ किलोकॅलरी. गुणाकार तासाला ८,४३५ किलोकॅलरी. धाकट्या कॅलरीत सांगावयाचे तर तासाला ८४ लाख ३५ हजार, किंवा सेकंदाला सुमारे २,३४३. विजेच्या भाषेत ९.८१ किलोवॅट. समितीच्या मूळ मसुद्यात मात्र हा आकडा ३३,३०५ असा आढळतो, कारण त्या काळी सुप्त उष्णता ९६५.७ धरली जाई. कॅलरीच्या व्याख्येबाबतही अशीच सरकासरक झाली. पाण्याची उष्णताधारकता प्रत्येक अंशावर किंचित बदलते, म्हणून पंधरा अंशांची कॅलरी वेगळी आणि रसायनशास्त्रज्ञांची वेगळी. १९२९ मध्ये लंडनला भरलेल्या वाफेच्या कोष्टकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला विजेच्या मापाला बांधले, आणि १९५६ मध्ये ती ४.१८६८ जूल अशी पक्की झाली. जुन्या आणि नव्या कोष्टकांत दशांशानंतरचे आकडे जुळत नाहीत, ते मुद्रणदोषामुळे नव्हे.

मात्र ज्या फरकाने खरा घोटाळा होतो, तो दशांशाचा नाही. एंजिनाचा घोडा तासाला २,५४५ चा आणि बॉयलरचा ३३,४७५ चा, म्हणजे एक दुसऱ्याच्या तेरापटीहून अधिक मोठा, आणि दोघांचे नाव एकच. या तेरापटीत १८७६ सालच्या एंजिनाची कुवत जशीच्या तशी गोठून राहिली आहे: वाफेतून घेतलेल्या उष्णतेपैकी शेकडा साडेसात-आठ भागाचेच काम होई, बाकीची शेकडा ब्याण्णव संघनकाच्या पाण्यात किंवा मोकळ्या हवेत जाई. जे एंजिनाचे वैगुण्य होते, ते बॉयलरच्या मापात कायमचे मुरले. आणि दैवयोग असा की समिती जेव्हा हे माप सनदशीर करीत होती, त्याच १८८४ साली इंग्लंडात चार्ल्स पार्सन्स आपली वाफेची टर्बाइन सिद्ध करीत होते, जिच्या पुढील पिढ्यांनी एका बॉयलर-घोड्याच्या वाफेतून एंजिनाचे चार-पाच घोडे बाहेर काढून दाखविले. गावातल्या मोटा बदलल्या, पण विहिरीवरची पाटी तीच राहिली. त्याहून विचित्र रूढी अशी पडली की दर घोड्यामागे दहा चौरस फूट तापनपृष्ठ धरून बॉयलरची शक्ती मोजपट्टीनेच ठरवावी, आणि मग भट्टी सुधारल्यावर तोच बॉयलर आपल्या नेमलेल्या शक्तीच्या शेकडा दोनशे भागाने चालतो असे म्हणावे. ज्या मापाच्या दुप्पट काम रोज घडते, त्याला माप म्हणणे मला तरी पटत नाही.

आपल्या मुंबईशी या हकिकतीचा संबंध नातेवाईकाचा आहे, जन्माचा नव्हे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेली पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये चालू झाली, तिच्यामागून गिरणगाव उभे राहिले, आणि त्या गिरण्यांच्या बॉयलरखान्यांत फेअरबेर्न आणि हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये योजलेले, दोन आगनळ्यांचे लँकेशायर बॉयलर बसले. त्यांच्या भट्टीत कोळसा ओढणारे आगवाले, त्यांच्या वाफेवर पहाटे वाजणारा भोंगा आणि त्यांचे आकाशात चढलेले धुराडे यांवाचून त्या वस्तीचे चित्रच उभे राहत नाही. पण येथे कारभार विलायती वळणाचा असल्याने बॉयलरची सरकारी नोंद घोड्यांत न होता तापनपृष्ठाच्या क्षेत्रफळावर होऊ लागली, आणि १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यानेही तीच रीत चालविली. त्यापूर्वीच, १९१५ मध्ये, खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली, आणि गिरण्यांतील मोठाली एंजिने एकामागून एक थांबली. बॉयलर मात्र थांबले नाहीत. सायझिंग खात्यात खळ शिजवावयास, ताणा सुकवावयास, रंगखात्यातली कुंडे तापवावयास वाफ लागतच होती. ज्या बॉयलरला आता एकही चाक फिरवावयाचे नव्हते, त्याच्या संदर्भात घोड्याचे नाव घेण्याला कसला आधार उरला?

आजही आपल्या कारखान्यांत दोन्ही बोल्या कानावर येतात. येथील बॉयलर तासाला इतके टन, तेही शंभर अंशांवरून शंभर अंशांवर, या हिशेबाने विकला जातो, जो समितीच्या साडेचौतीस रत्तलांचाच मेट्रिक वंशज आहे. तेल तापविणारी यंत्रे लाख किलोकॅलरींत बोलतात. आणि अमेरिकेहून आलेल्या यंत्राच्या कागदपत्रांत बॉयलरची अश्वशक्ती लिहिलेली असते. दहा लाख किलोकॅलरींचे यंत्र बॉयलरच्या हिशेबाने सुमारे ११९ घोड्यांचे. परंतु कोष्टकातील चुकीची ओळ धरून एखाद्याने एंजिनाच्या घोड्याने भागाकार केला, तर तेच १,५६० घोड्यांचे दिसू लागते. अशी चूक आकडेमोडीत सापडत नाही, कारण आकडेमोड बिनचूक असते; चुकलेला असतो तो घोडा.

फिलाडेल्फियाच्या परीक्षकांनी आपल्या काळाच्या प्रश्नाला प्रामाणिक आणि उपयुक्त उत्तर दिले, याबद्दल मला आदर आहे. तथापि आपल्याकडे १९५६ चा मापांचा कायदा होऊन १९५८ पासून मेट्रिक पद्धतीचा अंमल सुरू झालेला असता, नव्या करारात, निविदेत किंवा पाठ्यपुस्तकात बॉयलरची अश्वशक्ती एकटीच लिहिण्यास मुळीच आधार नाही. जेथे ती लिहिणे भाग पडेल, तेथे शेजारी ८,४३५ किलोकॅलरी प्रतितास हा आकडा अवश्य लिहावा. कॉर्लिसचे ते एंजिन प्रदर्शनानंतर प्रॉव्हिडन्सला परत गेले, १८८० मध्ये जॉर्ज पुलमन यांनी ते शिकागोजवळच्या आपल्या डब्यांच्या कारखान्यासाठी विकत घेतले, तेथे ते तीस वर्षे चालले, आणि १९१० मध्ये भंगार म्हणून विकले गेले.